चारशे रुपयांचं ऑइल सील आणि कंपनीचं कार्ड

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना मध्ये मध्ये येणारे ‘अं’ आणि ‘काय म्हणतात ते’ काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

बसमध्ये उभं राहून ऐकत असाल तर आधी दांडा नीट धरा, कारण आजचा विषय नावावरून झोप आणणारा आहे. परचेसिंग कार्ड. म्हणजे कंपनीने कंपनीकडून माल घ्यायचा आणि पैसे कार्डाने द्यायचे. थांबा, एपिसोड बदलू नका. यात माझा मामा आहे, रात्री अकरा वाजता उघडलेलं एक शटर आहे, आणि मी केलेली एक चूकही आहे.

तर झालं असं. यंदा गणपतीत मामाकडे गेले होते. मामाचं भोसरीत दुकान आहे. बेअरिंग, ऑइल सील, व्ही-बेल्ट, ओ-रिंग, असं सगळं. आसपासच्या कारखान्यांना माल देतो. आरती झाली, जेवणं झाली, आणि मामाने मला बाजूला घेतलं.

“अगं, तू ते कंपन्यांच्या खरेदीचं सॉफ्टवेअर करतेस ना? मग हे बघ जरा.”

मोबाइलवर एक ईमेल होता. त्याचं एक मोठं गिऱ्हाईक, नाव घेत नाही, म्हणत होतं की पुढच्या तिमाहीपासून आमच्या ऑर्डरचे पैसे परचेसिंग कार्डाने दिले जातील. तुम्ही कार्ड घ्यायची सोय करा, आणि त्याचा वेगळा चार्ज बिलात लावू नका.

“बँकेचा पोरगा म्हणतो, शंभराला दोन रुपये दहा पैसे कापणार. माझं मार्जिन सात टक्के. त्यातले दोन बँकेला द्यायचे? हो म्हणू की नको म्हणू?”

मी बीटेक. तीन वर्षं याच विषयावर कोड लिहितेय. आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण मी कायम पलीकडच्या बाजूने बघितलं होतं, खरेदी करणाऱ्याच्या. म्हणून आधी तुम्हाला त्या बाजूला नेते, मग मामाकडे परत येऊ.

नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी मला चाकणच्या एका प्लांटला पाठवलं होतं, त्यांची खरेदी कशी चालते ते समजून घ्यायला. तिथल्या मेंटेनन्स सुपरवायझरना मी विचारलं, समजा एका गिअरबॉक्सचं ऑइल सील गेलं आणि स्टोअरमध्ये शिल्लक नाही, तर काय करता? सील केवढ्याचं? साधारण चारशे रुपयांचं.

ते सांगत गेले, मी कागदावर चौकोन काढत गेले. इंडेंट भरायचा. विभागप्रमुखाची सही. तो परचेसकडे जाणार. दुकानदाराचा व्हेंडर कोड आहे का? नसेल तर त्याचं पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, कॅन्सल चेक मागवायचा. तीन कोटेशन. मग परचेस ऑर्डर, आपण पीओ म्हणतो तो. माल आला की गेट एंट्री, डिलिव्हरी चलन, तपासणी, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद. मग बिल अकाउंट्सला जाणार, तिथे पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही जुळवणार, आणि महिन्यातून दोनदा पेमेंट निघतं त्यात नंबर लागला तर पैसे. माझ्या कागदावर चौदा चौकोन झाले. चारशे रुपयांसाठी!

“मग तोवर मशीन बंद?”

“मशीन कशाला बंद ठेवीन मॅडम? पोराला बाइकवर पाठवतो. खिशातले चारशे देतो. सील तासाभरात येतं. पण ते चारशे परत मिळवायला मी अकाउंट्सच्या खिडकीत किती वेळा उभा राहिलो, तेवढं लिहा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये.”

परचेसिंग कार्डाची सगळी गोष्ट या वाक्यात आहे. छोट्या खरेदीत वस्तूपेक्षा कागदच महाग पडतो. म्हणून कंपनी बँकेकडून कार्ड घेते आणि ते सुपरवायझरच्या हातात देते. नाव त्यांचं असतं, देणं कंपनीचं असतं. त्यांच्या पगाराशी, त्यांच्या सिबिल स्कोअरशी संबंध नाही. एका वेळी किती, महिन्याला किती, ही लिमिट ठरलेली असते. आणि कुठे चालेल हेही ठरलेलं असतं. प्रत्येक दुकानाला कार्डाच्या जाळ्यात एक चार आकडी कोड असतो, मर्चंट कॅटेगरी कोड. हार्डवेअरच्या दुकानाचा ५२५१, हॉटेल-रेस्टॉरंटचा ५८१२, सोन्या-चांदीच्या दुकानाचा ५९४४. कंपनी म्हणते, ५२५१ चालू, ५९४४ बंद. सोनाराकडे कार्ड घासलं तर नुसतं ‘डिक्लाइन्ड’ येणार.

महिन्याच्या शेवटी बँक कंपनीला एकच बिल पाठवते. दोनशे दुकानांना दोनशे पेमेंट करण्याऐवजी बँकेला एक.

सुटसुटीत आहे ना? पण यात एक मोठा बदल लपलाय आणि तो मला कळायला दोन वर्षं लागली. चौदा चौकोनांमध्ये सगळी तपासणी खरेदीच्या आधी होते. कार्डात ती खरेदीच्या नंतर होते. आधी घे, मग बघू. म्हणजे नंतर खरंच कुणी बघितलं पाहिजे.

हे नीट बघायचं असेल तर अमेरिकेच्या सरकारकडे बघावं लागतं, कारण हा प्रयोग त्यांनी फार मोठ्या प्रमाणावर केला. १९९४ मध्ये तिकडे खरेदीचे नियम सोपे करणारा एक कायदा आला, फेडरल ॲक्विझिशन स्ट्रीमलायनिंग ॲक्ट. त्यात २,५०० डॉलरपर्यंतच्या खरेदीला ‘मायक्रो-परचेस’ ठरवून कटकटीतून जवळपास मोकळं केलं. मग १९९८ पासून जीएसए नावाच्या सरकारी खात्याने ‘स्मार्टपे’ हा कार्यक्रम सुरू केला. ठरावीक बँका, ठरावीक कार्डं, आणि प्रत्येक सरकारी विभाग त्यातून आपली कार्डं घेतो. ती २,५०० ची मर्यादा वाढत वाढत १०,००० डॉलर झाली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून १५,०००.

आता ‘नंतर बघू’ चं काय झालं? २००१ मध्ये अमेरिकेच्या जीएओने, आपल्याकडे कॅग आहे तसं ते, नौदलाच्या सॅन डिएगोमधल्या दोन युनिट्सच्या कार्डांची तपासणी केली. एका युनिटमध्ये हजाराहून जास्त कार्डधारक, आणि त्यांची महिन्याची बिलं प्रमाणित करणारा अधिकारी एक. एक! तो माणूस काय बघणार? सही करत सुटणार. अर्थातच त्यात गैरवापर सापडला. मग आणखी नियम, आणखी ऑडिट, आणि २०१२ मध्ये खास सरकारी कार्डांच्या गैरवापराविरुद्ध वेगळा कायदा.

आणि दुसरं टोक बघा. २६ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांचा आदेश निघाला की सरकारी कर्मचाऱ्यांकडची कार्डं तीस दिवसांसाठी गोठवलेली समजावीत, आपत्ती निवारणासारखे काही अपवाद सोडून. त्याच सुमारास काही विभागांत कार्डाचं लिमिट चक्क एक डॉलरवर आणलं होतं. मग बातम्या यायला लागल्या की सरकारी प्रयोगशाळांमध्ये रोजचं साधं साहित्य घेणंही अडलंय. उधळपट्टी थांबवायला गेले आणि टेस्ट ट्यूब अडल्या. मला ती बातमी वाचताना चाकणचे सुपरवायझर आठवले. त्यांनी खिशातून दिले असते, आणखी काय.

बरं, आता आपल्याकडे या. हे सगळं ऑनलाइन, म्हणजे ई-प्रोक्युरमेंटमध्ये आणलं की कल्पना अशी असते: सुपरवायझर मोबाइलवर कॅटलॉग उघडतो, सील निवडतो, सॉफ्टवेअर त्याच ऑर्डरपुरता एक कार्ड नंबर तयार करतं. त्याला व्हर्च्युअल कार्ड म्हणतात. तो नंबर त्या दुकानापुरता, त्या रकमेपुरता, अमुक तारखेपर्यंत. चोरीला गेला तरी उपयोग शून्य. डेमोमध्ये हे इतकं भारी दिसतं ना की ग्राहक टाळ्या वाजवतात. मी ऐकल्यात.

प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात आमचं घोडं ओटीपीत अडलं. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड वापरलं की ओटीपी येतो, हे तुम्हाला माहीत आहेच. सामान्य ग्राहकासाठी ते फार चांगलंय. पण कार्ड प्लांट मॅनेजरच्या नावावर, ओटीपी त्यांच्या फोनवर, आणि साहेब कराडला लग्नात. पंगतीत बसलेल्या माणसाला फोन करून आम्ही सहा आकडे विचारतोय, मागे सनई. आणि हे असं फोनवर ओटीपी विचारणं म्हणजे जे करू नका म्हणून आपण आई-बाबांना रोज सांगतो तेच! शेवटी जो खरेदी करतो त्याच्याच नावाचं कार्ड आणि त्याचाच नंबर, एवढा साधा नियम केला तेव्हा गाडी हलली.

दुसरा खड्डा जीएसटीचा. हा जास्त महाग होता. सुपरवायझरनी एका शॉपिंग साइटवरून ११,८०० रुपयांची टूल्स मागवली. पण लॉगिन स्वतःच्या खासगी खात्याने केलं, सवयीने. बिल त्यांच्या नावावर आलं, कंपनीचा जीएसटी नंबर नाही. मालाची किंमत १०,०००, कर १,८००. कंपनीचा जीएसटी नंबर असलेलं बिल असतं आणि ते विक्रेत्याने रिटर्नमध्ये दाखवलं असतं, तर ते १,८०० इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळाले असते. आता गेले. कार्डाची स्लिप म्हणजे बिल नव्हे, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. पैसे कुठे गेले हे स्लिप सांगते, काय घेतलं आणि कर किती हे सांगत नाही. कार्डाच्या भाषेत याच्या पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत फक्त दुकान, तारीख, रक्कम. दुसरीत कर आणि ग्राहकाचा एखादा कोड. तिसरीत बिलातली प्रत्येक ओळ, कुठली वस्तू, किती नग, काय दर. खरेदीच्या सॉफ्टवेअरला तिसरी पातळी हवी असते. भोसरीतलं स्वाइप मशीन पहिली देतं. म्हणून आम्ही शेवटी काय केलं, तर बिलाचा फोटो काढून ॲपवर टाकल्याशिवाय पुढची खरेदीच होऊ दिली नाही. लोकांनी शिव्या घातल्या. पण बिलं यायला लागली.

आता माझी चूक. ही सांगायची की नाही असा विचार करत होते, पण सांगते.

त्या प्लांटमध्ये एका वेळचं लिमिट १०,००० रुपये होतं. मला काम दिलं, स्प्लिट शोध. म्हणजे कुणी पंचवीस हजारांची खरेदी तीन बिलांत तोडून लिमिट चुकवतंय का ते पकडायचं. मी नियम लिहिला. तेच कार्ड, तेच दुकान, चोवीस तासांत बेरीज लिमिटच्या वर गेली की लाल. लाल झालं की फायनान्सच्या साहेबांना आपोआप ईमेल, आणि खुलासा येईपर्यंत कार्ड बंद. ईमेलचा मजकूरही मीच लिहिला होता. विषय: ‘संशयास्पद व्यवहार’. तेव्हा मला तो शब्द भारदस्त वाटला होता.

जुलैतली रात्र. पाऊस. लाइनवरचं एक कपलिंग तुटलं आणि सोबत दोन बेअरिंग गेले. सुपरवायझरनी रात्री अकरा वाजता ओळखीच्या दुकानदाराला फोन करून शटर उघडायला लावलं. माल २३,००० चा. लिमिट दहाचं. रात्री मंजुरी कोण देणार? दुकानदाराने ९,२००, ८,६०० आणि ५,२०० अशी तीन बिलं केली. पहाटे तीनला लाइन सुरू झाली.

सकाळी नऊला माझ्या ईमेलने त्यांना संशयास्पद ठरवलं.

कार्ड बंद. लेखी खुलासा मागितला. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस. मला हे कळलं चार दिवसांनी, जेव्हा त्यांनी स्वतः फोन केला. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, “मॅडम, खिशातून दिले असते तर बरं झालं असतं. तेव्हा कुणी चोर म्हणत नव्हतं.”

मी गप्प. काय बोलणार?

त्यांचा खुलासा मान्य झाला, कार्ड परत सुरू झालं. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये दोन बदल केले. एक, ड्युटी मॅनेजर फोनवरून त्या एका रात्रीपुरतं लिमिट वाढवू शकेल असं बटण. दोन, लाल झालं की आधी कार्डधारकाला प्रश्न जाईल, ‘कारण काय?’, आणि त्याचं उत्तर जोडूनच ईमेल वर जाईल. ‘संशयास्पद’ शब्द काढला. ‘एकापेक्षा जास्त बिलं’ असं लिहिलं. जे दिसतंय तेवढंच.

आणि हो, नियम काढून टाकला नाही. कारण सहा महिन्यांनी त्याच नियमाने दुसऱ्या एका ठिकाणी एक गडी पकडला. एकाच दुकानातून एकाच दिवशी प्रिंटर कार्ट्रिजची दोन-तीन बिलं, प्रत्येक ९,९०० च्या आसपास, महिन्यामागून महिना. त्या विभागात प्रिंटर एकच, तोही बंद. माझ्या स्क्रीनवर दोन्ही माणसं अगदी सारखी लाल दिसत होती.

आता मामा.

मामाकडे तीन प्रश्न घेऊन बसलो. खरं म्हणजे एकच होता, पण टॅली उघडल्यावर त्याला पोरं झाली.

आधी मी शहाणपणाने म्हटलं, “मामा, एमएसएमईचा कायदा आहे की. पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायलाच लागतात.” २००६ चा कायदा आहे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत नाही. आणि २०२४ पासून आयकरातही तशी तरतूद लागू झालीय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. मी हे सगळं पाठ म्हणून दाखवलं.

मामा हसला. “ते कारखानदाराला, सर्व्हिसवाल्याला. मी ट्रेडर. माल बनवत नाही, विकतो. उद्यम रजिस्ट्रेशन आहे माझं, पण त्याचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता.”

बरोबर होतं त्याचं. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी २०२१ मध्ये परत मिळाली, पण प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच. उशिरा पैशांचं संरक्षण त्यात नाही. म्हणजे भोसरीतल्या बेअरिंगवाल्याने पैशांसाठी फोनच करत बसायचं.

मग टॅलीतून त्या गिऱ्हाइकाची मागच्या वर्षीची बिलं काढली. छोट्या ऑर्डरी, मिळून साधारण सहा लाखांच्या. कागदावर साठ दिवस, प्रत्यक्षात सरासरी चौऱ्याहत्तर दिवसांनी पैसे. मामाचं बँकेत ओव्हरड्राफ्ट आहे, बारा टक्क्यांनी. म्हणजे शंभर रुपये चौऱ्याहत्तर दिवस अडकले की व्याज होतं दोन रुपये त्रेचाळीस पैसे. कार्ड घेतलं तर कटणार दोन रुपये दहा पैसे. त्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो, पण त्याचं क्रेडिट मामाला मिळतं, म्हणून तो धरला नाही.

मामा कॅल्क्युलेटरकडे बघत राहिला. “म्हणजे दोन टक्के मी आत्तापण देतोच आहे?”

देतोच आहेस. फक्त ते बिलात दिसत नाहीत, व्याजात दिसतात. वर्षाचा हिशेब केला तर कार्डात साधारण दोन हजार रुपये वाचतात. फार नाही. पण सहा लाखांवर चौऱ्याहत्तर दिवस म्हणजे कुठल्याही क्षणी सव्वा लाखाच्या आसपास रक्कम तिकडे अडकलेली असते, ती मोकळी होईल. मामाला दोन हजारांपेक्षा हा सव्वा लाख जास्त आवडला.

दुसरं एक गिऱ्हाईक बघितलं, ते पस्तीस दिवसांत पैसे देतं. तिथे थांबण्याचं व्याज शंभराला एक रुपया पंधरा पैसे. तिथे कार्ड म्हणजे सरळ तोटा. मामाला भीती हीच, मशीन दुकानात दिसलं की हाही म्हणेल, मग मीही कार्डाने देतो. ही भीती खोटी नाही, आणि तिच्यावर माझ्याकडे उपायही नाही.

मामा म्हणाला, “मागे एक जण आला होता. म्हणाला, मशीन वगैरे काही नको. कंपनी आमच्याकडे कार्डाने भरेल, आम्ही तुम्हाला एनईएफटी करू.” हेही सांगून ठेवते, कारण तुमच्यापैकी कुणी स्टार्टअपमध्ये असाल तर कानावर आलं असेल. कार्ड न घेणाऱ्या दुकानदाराला मधल्या कंपनीमार्फत पैसे पोचवायचे, अशा एका व्यवस्थेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका कार्ड नेटवर्कला रोखलं. म्हणणं असं की, ही मधली कंपनी कार्डाने पैसे गोळा करून पुढे पाठवते, म्हणजे ती पेमेंट सिस्टिमच चालवतेय, आणि त्याची २००७ च्या कायद्याखालची परवानगी नाही. शिवाय पैसे नक्की कुणी कुणाला दिले याची माहितीही नियमाप्रमाणे सोबत जात नव्हती. मला विचाराल तर रिझर्व्ह बँकेचं बरोबर होतं. पण त्यामुळे प्रश्न परत भोसरीत येऊन पडला. कार्डाने पैसे हवेत तर मामानेच मशीन किंवा पेमेंट लिंक घ्यायची आणि कट सोसायची.

मी जवळजवळ ‘घे’ म्हणणार होते. तेवढ्यात तो ईमेल परत नीट वाचला. खाली, जिथे कुणी वाचत नाही तिथे, एक ओळ होती: बिल मंजूर झाल्यापासून ४५ दिवसांनी व्हर्च्युअल कार्ड नंबर पाठवण्यात येईल.

पंचेचाळीस दिवसांनी!

म्हणजे माल आज द्यायचा, बिल मंजूर व्हायला पंधरा-वीस दिवस, मग पंचेचाळीस दिवस, आणि मग कार्डाचे दोन टक्के कटून पैसे. थांबायचंही आणि कटही द्यायची. मामाचा आख्खा फायदा ‘कार्ड कधी घासणार’ यावर होता, आणि ती तारीख गिऱ्हाइकाच्या हातात.

मला ती ओळ ओळखीची वाटली, आणि का वाटली ते आठवल्यावर जरा गार पडले. ते गिऱ्हाईक आमचं सॉफ्टवेअर वापरत नाही, आधीच सांगते. पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगचं एक पान आहे, ‘कार्ड पेमेंटची तारीख’. तिथे कुणी काही भरलं नाही तर आपोआप येतं, मंजुरी अधिक ४५. तो डिफॉल्ट मी टाकला होता. का टाकला? ईएमआय भरायचाय म्हणून नाही, कुणी सांगितलं म्हणूनही नाही. जुन्या एनईएफटीच्या पानावर ४५ होता, तो कॉपी केला. बहुतेक ग्राहक डिफॉल्ट बदलत नाहीत. म्हणजे मी कधीही न बघितलेले किती मामा त्या आकड्यावर बसलेत, मोजलं नाही. मोजावं लागेल.

मामाने दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला उत्तर पाठवलं, मी मराठीत सांगितलं आणि त्याच्या मुलीने इंग्रजीत टाइप केलं. दहा हजारांच्या आतल्या ऑर्डरी कार्डाने चालतील, पण माल देताना लगेच घासायचं. त्यावरच्या ऑर्डरी आहेत तशा, एनईएफटी, साठ दिवस. उशिरा कार्ड चालणार नाही. तीन आठवडे काही उत्तर नाही. मामा म्हणाला, गेलं वाटतं गिऱ्हाईक. मग परचेसमधून फोन आला, छोट्या ऑर्डरींचं मान्य, मोठ्यांचं वर विचारतो. मोठ्यांचं अजून विचारतायत.

पहिलं कार्ड घासलं गेलं ते तीन व्ही-बेल्ट आणि एका ऑइल सीलसाठी. पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात. मामाने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, “कट किती गेली ते नीट दिसत नाही यात. बघून सांग.”

आणि आमच्या त्या डिफॉल्टसाठी मी ऑफिसात तिकीट टाकलंय. डिफॉल्ट काढा, रिकामं ठेवा, ग्राहकाला स्वतः तारीख निवडायला लावा. प्रॉडक्ट मॅनेजरने खाली विचारलंय, “कुठल्या ग्राहकाने मागितलंय?” खरेदी करणाऱ्या ग्राहकाने कुणीच मागितलेलं नाही. मी उत्तरात मामाच्या टॅलीचा हिशेब टाकलाय, नाव झाकून. तिकीट आजही ओपन आहे.

चला, बस स्टॉप आला असेल तुमचा. तुमच्या घरी कुणाचं दुकान, वर्कशॉप असेल आणि असा कार्डाचा ईमेल आला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेते. भेटूच.